प्रोग्रॅम शिकवता, मग मशीन लावायलाही शिकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत गावभागात गेली २२ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे, पण गेली चार-पाच वर्षं एक गोष्ट दर पावसाळ्यात डोळ्यासमोर घडतीय आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून म्हणलं आपणच लिहावं. जागा असेल तेवढं छापा, पण छापा.

कॉलेजं सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे दुकानात शांतता असते, मग पहिली प्रॅक्टिकलं होतात आणि पोरांची रांग लागते. बीसीएची, बीएस्सी कॉम्प्युटरची, डिप्लोमाची, बारावी आयटीची. कुणी सीपीयू उचलून आणतं कुणी लॅपटॉप, आणि तक्रार सगळ्यांची एकच, "काका, कॉलेजात जो प्रोग्रॅम चालला तोच घरी चालत नाही, मशीन खराब झालंय का बघा ना." मी बघतो, मशीनला काहीही झालेलं नसतं. रॅम ठीक, हार्ड डिस्क ठीक, फॅन फिरतोय. फक्त प्रोग्रॅम चालायला खाली जे पाहिजे असतं, पायथन असेल, जावाचं जेडीके असेल, सी चा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारा) असेल, ते एकतर टाकलेलं नसतं, नाहीतर टाकलंय पण अर्धवट, नाहीतर तीन वेळा टाकलंय आणि तिन्ही एकमेकांत अडकलंय.

मागच्या वर्षी जत भागातली एक पोरगी आली होती. सोबत तिचे मामा. दोघांनी एसटीतून सीपीयू आणला होता, गोधडीत गुंडाळून वर सुतळीनं बांधलेला, म्हणजे धक्के बसू नयेत म्हणून. जुना डेस्कटॉप, तिच्या वडिलांनी ९ हजारांना कुणाकडून तरी घेतलेला. पोरगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला. खुर्चीवर बसली आणि पहिलं वाक्य काय बोलली तर, "काका, मला हे जमणार नाही बहुतेक, मी बीकॉमला जाते." म्हणलं आधी झालंय काय ते तरी दाखव. तिनं कमांड टाइप करायची ती काळी खिडकी उघडली, पायथन टाइप केलं, एंटर मारलं आणि समोर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं. पोरीला वाटलेलं की पायथन विकत घ्यायला लागतंय आणि कॉलेजात कुणी तरी घेऊन ठेवलंय म्हणून तिथं चालतंय. तिनं चार वेळा पायथन डाउनलोड करून टाकलं होतं बरं का, मोबाईलच्या नेटवरून, चारही वेळा सेटअप पूर्ण झाल्याचा मेसेज आला होता, आणि चारही वेळा टाइप केलं की स्टोअरच उघडायचं. पिप, म्हणजे पायथनला लागणारं जादा सामान आणणारी कमांड, टाइप केलं तर "नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड". चार दिवस ती पोरगी रात्री जागून हे करत होती आणि शेवटी स्वतःलाच दोष देऊन मोकळी झाली होती.

चूक एवढीच होती की पायथनच्या सेटअपच्या पहिल्याच पानावर सगळ्यात खाली एक छोटा चौकोन असतो, "ॲड पायथन टू पाथ", तो आपोआप टिक केलेला नसतो. वरचं मोठं इन्स्टॉल नाऊ डोळ्यात भरतं, सगळे तेच दाबतात, खालच्या चौकोनाकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी तिलाच माऊस दिला, तोच सेटअप परत चालव म्हणलं, मॉडिफाय दाब, नेक्स्ट, आता ॲड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सला टिक कर. काळी खिडकी बंद करून नवीन उघड, कारण जुनी खिडकी जुनाच पाथ धरून बसते, हे पण पोरांना कुणी सांगत नाही. आता टाइप कर. तीन बाण उमटले, म्हणजे पायथन सुरू झालं. तिनं दोन अधिक दोन लिहिलं, चार आलं. पोरीच्या डोळ्यात पाणी आलं साहेब. मामांना काही कळलं नाही, ते म्हणाले बिघाड सापडला का, आणि मला त्यांना काय सांगावं ते सुचेना. तीन मिनिटांचं काम होतं. त्या तीन मिनिटांच्या माहितीवाचून एक हुशार पोरगी शाखा बदलायला निघाली होती.

हा पाथ म्हणजे काय ते मी पोरांना कसं सांगतो ते लिहितो, कारण शिक्षक मंडळी वाचत असतील तर त्यांना उपयोग होईल. समजा घरात तुम्ही कुणाला म्हणलं सुतळी आण. त्याला ठरलेली ठिकाणं माहिती असतात, आधी माळा, मग देवळीतला डबा, मग गोठ्यातली खुंटी. त्या क्रमानंच तो बघणार. आता सुतळी ट्रॅक्टरच्या सीटखाली असली आणि ती जागा त्याच्या यादीतच नसली तर तो परत येऊन सांगणार की सुतळी नाही. सुतळी घरात आहे, पण त्याच्यापुरती नाही. कॉम्प्युटर अगदी तसाच वागतो. तुम्ही पायथन म्हणलं की तो पाथ नावाच्या यादीतली फोल्डरं एकामागून एक बघतो, सापडलं तर चालवतो, नाही सापडलं तर नाही म्हणून सांगतो, मग तुम्ही चार वेळा इन्स्टॉल करा नाहीतर चाळीस वेळा. आणि दुसरी गंमत अशी की माळ्यावर जुनी कुजकी सुतळी पडलेली असली तर तो तीच घेऊन येणार, देवळीतल्या नव्या सुतळीपर्यंत पोचणारच नाही, कारण पहिल्या ठिकाणी सापडलं की शोध थांबतो. मशीनवर जुनं आणि नवं दोन्ही व्हर्जन असलं की नेमकं हेच होतं. विंडोजमध्ये "वेअर पायथन" असं टाइप केलं की कुठंकुठं सापडलं ते क्रमानं दाखवतं. दहा-बारा अक्षरांची कमांड आहे, पण मला अजून एकही पोरगं भेटलं नाही ज्याला ती कॉलेजात सांगितली होती.

जावाचं तर याच्याहून अवघड. जावा चालवायला एक लागतं (जेआरई) आणि जावा लिहून कंपाइल करायला दुसरं लागतं (जेडीके), हे पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे. जुन्या हँडआउटवर "जावा डाउनलोड करा" एवढंच लिहिलेलं असतं, पोरं जेआरई टाकतात, जावा कमांड चालते, कंपाइल करायची जावासी कमांड चालत नाही, कारण कंपायलर जेडीकेत असतो, जेआरईत नसतोच. सप्टेंबर २०१८ ला आलेल्या जावा ११ पासून पुढच्या व्हर्जनांचं वेगळं जेआरई ओरॅकल, म्हणजे जावाची कंपनी, देतच नाही, आता सरळ जेडीकेच घ्यायचं असतं, पण फोटोकॉपीची फोटोकॉपी होत आलेला तो कागद अजून २०१४ च्या जावा ८ वरच थांबलाय. मग एकाच मशीनवर जावा ८ चं जेआरई आणि नव्यानं टाकलेलं जेडीके ११ असं दोन्ही बसतं, कंपाइल होतं नव्यानं आणि चालवायला जातं जुनं, आणि समोर येतं "अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर", त्यात ५५ आणि ५२ असे आकडे. पोरांना वाटतं आपल्या प्रोग्रॅमच्या ५५ व्या ओळीत काहीतरी चुकलं. अहो पंधरा ओळींचा प्रोग्रॅम, त्यात ५५ वी ओळ कुठनं आली! त्या आकड्यातनं ४४ वजा करायचे, की जावाचं व्हर्जन मिळतं. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. एवढं एक गणित माहिती असलं की तो एरर भीती घालत नाही, उलट काय झालंय ते आपणहून सांगतो.

अजून एक बारीक गोष्ट, पण ह्याच्यापायी मी पोरांचे दिवसच्या दिवस गेलेले बघितलेत. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. पोरगं नोटपॅडमध्ये प्रोग्रॅम लिहितं, हॅलो डॉट जावा म्हणून सेव्ह करतं, आणि खरं नाव होतं हॅलो डॉट जावा डॉट टीएक्सटी. स्क्रीनवर मात्र हॅलो डॉट जावाच दिसतं. कंपायलर म्हणतो फाइल सापडली नाही, पोरगं म्हणतं ही काय समोर आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर. फोल्डरच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सला टिक केली की खरं नाव उघडं पडतं. मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मशीनवर न विचारता पहिलं हेच करतो.

बारावी आयटीच्या पोरांना पीएचपी असतं, म्हणजे वेबसाइटसाठीची भाषा, त्यासाठी झॅम्प नावाचं सॉफ्टवेअर टाकायला लागतं. ते प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका, सरळ सी ड्राइव्हवर टाका, कारण प्रोग्रॅम फाइल्समध्ये विंडोज लिहायची परवानगी अडवतं, सेटअप स्वतःच तशी वॉर्निंग देतो पण इंग्रजीत असल्यानं पोरं वाचायच्या आत ओके दाबतात. त्यातला अपाचे, म्हणजे वेबपानं दाखवणारा सर्व्हर, सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा ८० नंबरचा पोर्ट आधीच कुणीतरी धरलेला असतो. यावर जास्त लिहीत नाही.

आता अर्धवट माहितीनं काय होतं ते पण सांगतो. डिप्लोमाचा एक मुलगा, मिरजेचा. त्याला कुणीतरी पाथमध्ये भर घालायची कमांड दिली, सेटएक्स नावाची. त्यानं ती मारली. ही कमांड १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकते, तशी वॉर्निंग पण येते, पण वाचणार कोण. त्याच्या मशीनवर पाथची यादी लांबलचक होती, तिचं शेपूट तुटलं. ज्याच्यासाठी कमांड मारली तेही चालेना आणि आधी चालत होतं त्यातलंही निम्मं बंद. बिचाऱ्यानं घाबरून विंडोज फॉरमॅट मारली, त्यात घरच्यांचे फोटो गेले. त्याच्या आजोबांचे फोटो होते त्यात, शेवटच्या आजारपणातले. ते काही परत मिळाले नाहीत. चूक पोराची म्हणायची का? त्याला साधं एवढं जरी सांगितलं असतं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीत जा, तिथं पाथ निवडून एडिट दाब, न्यू दाबून एक ओळ वाढव आणि ओके कर, तरी त्याचं काम दोन मिनिटांत झालं असतं आणि काही तुटलंही नसतं.

हे सगळं मला कुठं शिकायला मिळालं तर खरं सांगायचं म्हणजे पुरात. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीकरांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर आमच्या भागातले कॉम्प्युटर चिखलात बुडालेले आले, एका प्रेसचा, एका डॉक्टरांचा, दोन अडत दुकानांचे, एका पतसंस्थेचे. हार्ड डिस्क ज्यांच्या वाचल्या त्यांचा डेटा काढून दिला. पण डेटा काढून काय उपयोग, तो उघडणारं सॉफ्टवेअर परत चालू तर झालं पाहिजे. सीड्या पाण्यात गेलेल्या. कुठलं व्हर्जन होतं, ते कुठल्या डॉट नेटवर (मायक्रोसॉफ्टचं, काही प्रोग्रॅमना खाली लागणारं सॉफ्टवेअर) चालायचं, ३२ बिटचं होतं का ६४ बिटचं, प्रिंटरचा ड्रायव्हर कुठला, कुणालाच सांगता येईना, मलाही येईना, आणि ती मशीनं मीच लावलेली होती. एका अडत्याचं हळदीच्या पट्ट्यांचं जुनं सॉफ्टवेअर डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ मागत होतं, जे विंडोज १० मध्ये बंद अवस्थेत असतं, विंडोज फीचर्समध्ये जाऊन चालू करायला लागतं. ते कळायलाच मला दोन दिवस गेले. तिकडं यार्ड सुरू झालेलं आणि त्या माणसाच्या हातात एक पावती छापून येईना.

तेव्हापासून मी वही ठेवतो. साधी दोनशे पानी वही. प्रत्येक मशीनला एक पान, त्यावर विंडोज कुठलं, किती बिट, काय काय टाकलं, कुठलं व्हर्जन, कुठल्या फोल्डरला, कुठल्या तारखेला, पाथमध्ये काय वाढवलं. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा ती वही आधी वरच्या मजल्यावर नेली, गल्ला नंतर. त्या खेपेला पूर उतरल्यावर सगळी मशीनं चार दिवसांत लागली.

नंतर पायथन शिकताना बघितलं तर मोठमोठे प्रोग्रॅमर लोक अगदी हेच करतात. रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी नावाची साधी फाइल असते, त्यात एका ओळीत एक, कुठली लायब्ररी (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) आणि कुठलं व्हर्जन, बस. दुसऱ्या मशीनवर ती फाइल दिली की पिप सगळं तसंच्या तसं आणून बसवतो. आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात ते पण फार कामाचं आहे, पायथन ३.३ पासून सोबतच येतं, म्हणजे एका प्रोजेक्टचं सामान एका फोल्डरमध्ये वेगळं, दुसऱ्याचं दुसऱ्यात. आपल्याकडं लग्नाची आणि बारशाची भांडी वेगळी बांधून ठेवतात तसं. एकातलं काढलं म्हणून दुसऱ्यातलं कमी पडत नाही. पोरं काय करतात, सगळ्या विषयांच्या लायब्ऱ्या एकाच ठिकाणी ओतत जातात आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या आदल्या रात्री काहीतरी अपडेट मारतात आणि सगळंच बंद पडतं. ती रात्र मी दुकानात बसून पोरांबरोबर काढलेली आहे, एकदा नाही, बऱ्याचदा.

डीएलएलबद्दल, म्हणजे बऱ्याच प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामाईक फाइलींबद्दल, तर हात जोडून सांगतो. "एमएसव्हीसीपी १४० डॉट डीएलएल इज मिसिंग" किंवा "व्हीसीरनटाइम १४०" असं आलं की पोरं आणि मोठी माणसंसुद्धा ते नाव सर्च करतात आणि कुठल्या तरी साइटवरनं ती एक फाइल उतरवून सिस्टिम ३२ मध्ये टाकतात. हे कधीही करू नका. ती फाइल कुणी बनवली, आत काय घातलंय, तुम्हाला माहिती नाही, आणि मशीनच्या पोटात नेऊन ठेवताय. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल फुकट मिळतं, २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या प्रोग्रॅमना एकच चालतं, ते टाका. आणि विंडोज ६४ बिट असलं तरी एक्स ८६ वालं आणि एक्स ६४ वालं दोन्ही टाका, कारण प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर त्याला ३२ बिटचंच लागतं. नावाला फसू नका, ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टिम ३२ नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या सिसवाव ६४ मध्ये. नाव उलटं, पण आहे तसं आहे. म्हणून तर ती उतरवलेली एक डीएलएल ठेवूनसुद्धा निम्म्या वेळा काम होत नाही.

गरीब घरातल्या पोरांचा प्रश्न अजून वेगळा आहे. त्यांच्या घरी जुनी मशीनं, त्यावर विंडोज ७, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला. पायथन ३.९ पासून पुढचं विंडोज ७ वर बसतच नाही. शेवटचं बसतं ते ३.८. कॉलेज म्हणतं लेटेस्ट टाका. पोरगं लेटेस्ट टाकायला जातं, सेटअप नाही म्हणतो, पोरगं घरी नवीन लॅपटॉप मागतं, आणि इथून घरात भांडणं सुरू होतात. एका बापानं माझ्यासमोर विचारलं होतं की म्हैस विकू का. मी म्हणलं थांबा. ४ जीबी रॅम करून घेतली, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट नावाची फुकट सिस्टिम टाकली, त्यात पायथन आधीपासून असतंच, सी साठी आणि जावासाठी एकेक कमांड, सॉफ्टवेअरचे पैसे शून्य. आता विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते जी जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक नसते, म्हणजे हा प्रश्न आता दुप्पट होणार. म्हशीपर्यंत जायच्या आधी कुणीतरी सांगितलं पाहिजे की ह्याच मशीनवर शिकता येतं.

आणि काही ठिकाणी अजून टर्बो सी वर, म्हणजे जुन्या डॉसच्या जमान्यातल्या कंपायलरवर, प्रॅक्टिकल घेतात. टर्बो सी १६ बिटचं, ६४ बिट विंडोज ते चालवतच नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घालून चालवायचं. सी प्लस प्लसचं स्टँडर्ड १९९८ ला ठरलं, टर्बो सी प्लस प्लस १९९० चं, म्हणजे त्याच्याही आधीचं. त्यात लिहिलेला आयओस्ट्रीम डॉट एच वाला प्रोग्रॅम आजच्या जीसीसी कंपायलरवर एररच देणार, क्लिअर स्क्रीनची ती कमांडही तिथं मिळणार नाही. मी कुणाला नावं ठेवत नाही, मीसुद्धा त्याच निळ्या स्क्रीनवर शिकलोय आणि तिच्याबद्दल माझ्या मनात माया आहे. पण पोरगं उद्या पुण्याला मुलाखतीला जाणार आणि तिथं त्याला साधा कंपायलर लावता येणार नाही, हे बरोबर नाही.

शिक्षकांवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहितो. लॅबमधली ३०-४० मशीनं व्हेंडरचा माणूस सुट्टीत येऊन लावून जातो, त्यामुळं सरांनाही कधी शून्यातून लावायला लागत नाही आणि पोरांना तर सगळं जागच्या जागी मिळतं. सिलॅबस संपवायचा असतो, जर्नल पूर्ण करून घ्यायचं असतं. पण त्यानं झालंय असं की पोरगं तीन वर्षं प्रोग्रॅमिंग शिकतं आणि रिकामं मशीन समोर ठेवलं तर त्याला पहिली पायरी माहिती नसते. ज्यांच्या घरी शिकलेलं कुणी आहे, पुण्यात दादा किंवा ताई नोकरीला आहे, ती पोरं फोनवर विचारून घेतात. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कॉम्प्युटर आलाय ती गोधडीत बांधून एसटीनं येतात. आणि जी येत नाहीत त्यांचं काय होतं ते मला कळत नाही, म्हणून मी हे पत्र लिहितोय.

माझं मागणं मोठं नाही. पहिल्या वर्षाचा पहिला आठवडा ह्याला द्या. लॅबमधली दोन-चार मशीनं मुद्दाम रिकामी ठेवा आणि पोरांकडूनच त्यावर सगळं टाकून घ्या, चुकू द्या, काढू द्या, परत टाकू द्या, आणि त्याचं जर्नलमध्ये एक प्रॅक्टिकल म्हणून लिहून घ्या, मार्क द्या. शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी हे मनावर घेतलं तर सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांतल्या पोरांना एकदम फायदा होईल. दुसरं म्हणजे प्रत्येक विषयाला एक पानाचा मराठी कागद द्या, ह्या वर्षी आपण अमुक व्हर्जन वापरणार, विंडोज ७ असेल तर अमुक, ३२ बिट असेल तर अमुक, कुठं टिक करायची, पाथ कसा तपासायचा. आणि दरवर्षी तो कागद नवा करा. सेटअप कॉलेजनंच पेनड्राइव्हवर द्यावेत, पायथन पंचवीस-तीस एमबीचं असतं पण जेडीके दीडशेच्या घरात जातं, आणि वाडीवस्तीवर नेटची रेंज माळावर जाऊन शोधायला लागते. पेनड्राइव्ह दिला म्हणजे पोरं भलत्या साइटवरनं भलतं काही उतरवणार पण नाहीत.

आपल्या पेपरात शिक्षणाचं पान असतं. त्यात आठवड्याला चार इंच जागा ह्या विषयाला दिली, एकेक एरर घेऊन तो मराठीत समजावून सांगितला, तर मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको.

ती जतची पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत येऊन गेली, सोबत एक वही आणलेली. पहिल्या पानावर तिच्या मशीनचं सगळं लिहिलेलं, आणि पुढच्या सहा पानांवर तिच्या गावातल्या आणि शेजारच्या गावातल्या सहा पोरींच्या मशीनचं. सगळी तिनंच लावून दिलीत. एका मशीनला जावा अडत होतं, ते विचारायला आली होती. एररमध्ये ६१ आणि ५२ दिसत होतं. मी काही बोलायच्या आधी तिनंच वजाबाकी केली.

जाता जाता एक. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दर रविवारी सकाळी ९ ते १ मी दुकान फक्त विद्यार्थ्यांसाठी उघडं ठेवणार आहे, पैसे घेणार नाही. जवळपासच्या एखाद्या शाळेनं हॉल दिला तर तिथं करू, दुकानात एका वेळी चारच मशीनं बसतात. येताना माय कॉम्प्युटरवर (नव्या विंडोजमध्ये त्याचं नाव दिस पीसी) राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये विंडोज कुठलं आणि किती बिट ते कागदावर लिहून आणा, एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणा, आणि मॉनिटर आणायची गरज नाही, नुसता सीपीयू पुरे.

आपला नियमित वाचक,
एक कॉम्प्युटर दुरुस्ती व्यावसायिक,
गावभाग, सांगली